म्यूर वुड्सच्या रेडवूड वनात कुटुंबासह फिरताना

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस असलेल्या म्यूर वुड्स या रेडवूड नावाच्या अतिउंच वृक्षांच्या प्राचीन वनात जाण्यासाठी गाडी उभी करण्याची जागा किंवा शटल बस आधीच आरक्षित करावी लागते, आणि तेथे मोबाइलला रेंज मिळत नसल्याने आरक्षणाची पावती घरूनच उतरवून घ्यावी. शक्यतो सकाळी लवकर पोहोचावे, कारण गर्दी वाढली की वनाची शांतता हरवते, आणि माझ्या मते ती शांतता हेच येथले खरे वैभव आहे. उन्हाळ्यातही हवा गार असते, म्हणून प्रत्येकासाठी स्वेटर घ्यावा. वनात जेवणाचे डबे उघडता येत नाहीत. खाणे आधीच उरकावे.

ओढ्याकाठची मुख्य वाट बहुतांशी सपाट असल्याने भारतातून आलेल्या आजी-आजोबांना आणि बाबागाडीतल्या बाळालाही सोबत नेता येते. मुलांना मात्र घाईने पुढे नेऊ नये. एखाद्या झाडापाशी थांबून त्यांना वाटेवरूनच साल न्याहाळू द्यावी: ती तांबूस, तंतुमय, नारळाच्या सोडणासारखी दिसते, आणि तिच्यावरचे काळे डाग जुन्या वणव्यांचे असतात, ज्यांतून या जाड सालीनेच झाडाला वाचवले. काही झाडे वर्तुळात उभी दिसतील. ती एकाच मूळ झाडाच्या बुंध्याभोवती फुटलेली असतात. या वृक्षांची मुळे उथळ असतात आणि पायांखाली माती दबली की त्यांना इजा होते, त्यामुळे छायाचित्रासाठीसुद्धा कठडा ओलांडू नये.

वनातल्या कॅथीड्रल ग्रोव्ह या वृक्षराजीत, जेथे 1945 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी जमलेल्या प्रतिनिधींनी अमेरिकेचे दिवंगत अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना श्रद्धांजली वाहिली, सर्वांनी पाच मिनिटे न बोलता बसावे. धुके असेल तर शेंड्यांवरून ठिबकणारे थेंब ऐकू येतात.