लांब केसांच्या मांजराच्या अंगावरच्या गाठी : या चुका टाळा

पर्शियन मांजर असलेल्या बहुतेक घरांत हा प्रसंग कधी ना कधी येतो. मांजराला नेमाने ब्रश केला जात असतो, पाठीवरचे केस रेशमासारखे सुटे दिसत असतात, आणि एके दिवशी त्याला उचलताना काखेत बोटांना सुपारीएवढी टणक गाठ लागते. ती कालपरवाच झाली असावी असे घरच्यांना वाटते, पण एवढी घट्ट गाठ एका रात्रीत तयार होत नाही. ती कातडीलगत सुरू होते आणि तिथून वर वाढत येते, त्यामुळे वरून फिरणाऱ्या ब्रशला आणि हाताला तिचा पत्ता उशिरा लागतो.

मांजराच्या अंगावर वरचे लांब, जरा राठ केस असतात आणि त्यांच्या आत लोकरीसारखा मऊ, दाट थर असतो. आतल्या थरातले केस गळतात तेव्हा आखूड केसांच्या मांजराच्या अंगावरून ते सरळ खाली पडतात, पण लांब केसांच्या मांजरात ते वरच्या केसांतच अडकून राहतात. प्रत्येक केसाच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खवले असतात. ओलावा आणि घर्षण मिळाले की हे खवले एकमेकांत रुतत जातात. ओली लोकर दाबून आणि चोळून बुरणूस (लोकरीचे जाड, घट्ट कापड) करतात, तीच क्रिया इथे मांजराच्या अंगावर घडते. म्हणूनच गाठी प्रथम दिसतात त्या घासल्या जाणाऱ्या जागी : काखेत, जांघेत, कानांच्या मागे, गळ्यातल्या पट्ट्याखाली, पोटावर आणि मागच्या मांड्यांच्या झुपकेदार केसांत. चपट्या तोंडाच्या मांजरांत डोळ्यांतले पाणी आणि पातळ खाणे गळ्याच्या झालरीवर सांडत राहते, त्यामुळे तिथेही गाठी होतात.

मांजर स्वतःला चाटून स्वच्छ ठेवते, तेव्हा आपण हात घालण्याची गरज नाही, ही समजूत आखूड केसांच्या मांजरापुरती बरीचशी खरी आहे. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेतील ॲलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी २०१८ मध्ये मांजराच्या जिभेवरील काट्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे काटे टोकाशी पोकळ असतात आणि लाळ केसांच्या आत कातडीपर्यंत पोचवतात, असे त्यांना आढळले. मात्र पर्शियन मांजराचे केस चाटताना दाबले गेले तरी त्यांचा थर इतका जाड राहतो की काटे कातडीपर्यंत पोचू शकत नाहीत. म्हणजे लांब केसांचे मांजर आळशी नसते, त्याची जीभ तिथवर पुरत नाही. हे केस माणसाने निवडीने वाढवले आहेत, तेव्हा ते विंचरण्याचे कामही माणसाच्याच वाट्याला येणार.

वरवर ब्रश फिरवणे

दुकानात मांजरासाठी म्हणून सर्वांत आधी हातात दिला जातो तो बारीक वाकड्या तारांचा स्लिकर ब्रश. तो वाईट नाही, पण तो वरचा थर छान फुलवतो आणि खालचा गुंता तसाच झाकून ठेवतो. खरे काम स्टीलच्या कंगव्याचे असते, आणि त्याचे दात गोलसर टोकांचे व केसांच्या थरातून कातडीपर्यंत जातील इतके लांब असावे लागतात. एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दात असलेला कंगवा मिळतो, तो घ्यावा. उवांसाठी वापरतात ती बारीक फणी पिसवा शोधायला किंवा हनुवटीखालचे आखूड केस साफ करायला उपयोगी पडते, अंगावरच्या केसांत ती ओढू नये.

विंचरताना एका हाताने केस उलटे धरून भांग पाडल्यासारखी कातडीची रेघ दिसू द्यावी, तिथून कंगवा बाहेरच्या टोकाकडे न्यावा, मग बोटभर अंतर सोडून पुढची रेघ घ्यावी. कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडखळता गेला तरच तो भाग झाला असे समजावे. पर्शियन मांजराला हे रोज लागते. मेन कून किंवा रॅगडॉलसारख्या, आतला थर तुलनेने कमी असलेल्या जातींना आठवड्यातून दोन-तीनदा पुरते. कंगव्यात आलेले गुंतवळ दर वेळी बघण्याची सवय ठेवावी. त्यात मिरपुडीसारखे काळे कण दिसले आणि ओल्या कापसावर ठेवल्यावर ते तांबूस पसरले, तर ती पिसवांची विष्ठा असते, आणि मांजर खाजवून खाजवून गाठी करत आहे हे लक्षात येते.

पाच मिनिटांची बैठक पुरते. रविवारी तासभर मांजराला दाबून धरून सगळे अंग विंचरण्याचा बेत आखला की पुढच्या रविवारी कंगवा दिसताच ते पलंगाखाली जाते आणि त्यानंतरचे सहा महिने तिथेच जातात.

गाठी असताना आंघोळ घालणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, आणि ती चांगल्या हेतूनेच होते. मांजर मळलेले दिसते, केस चिकटलेले वाटतात, म्हणून कोमट पाणी आणि शॅम्पू घेऊन गाठ धुऊन सोडवता येईल असे वाटते. पण लोकरीच्या बाबतीत वर सांगितले तेच इथे घडते : पाणी, फेस आणि चोळणे यांनी गाठ सुटत नाही, उलट ती आवळत जाते, आणि वाळताना आणखी घट्ट होते. शिवाय गाठीच्या बुडाशी राहिलेले पाणी आणि साबण सहज निघत नाहीत. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत तर कातडी तिथे दोन-दोन दिवस दमट राहते, मग लाल होते आणि चिघळते. म्हणून आधी पूर्ण विंचरावे, मगच पाणी घालावे, आणि नंतर टॉवेलने रगडून न पुसता टिपून घ्यावे. वाळवतानाही कंगवा चालू ठेवावा. गाठ काढणे शक्य नसेल तर आंघोळ पुढे ढकलावी. मांजराचे त्यावाचून काही अडत नाही.

कात्री

कात्रीबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तिने होणारी इजा घरोघरी होते आणि तिची बोलून वाच्यता कोणी करत नाही. मांजराची कातडी पातळ असते आणि खालच्या मांसावर सैल बसलेली असते. गाठ बोटांत धरून उचलली की कातडीही तिच्याबरोबर तंबूसारखी वर येते आणि गाठीच्या बुडात शिरते. तिथे केस कुठे संपतात आणि कातडी कुठे सुरू होते हे डोळ्यांना दिसत नाही. काखेत आणि जांघेत तर कातडीच्या घड्या असतात, पोटावर केसांत दडलेली स्तनाग्रे असतात आणि ती बोक्यालाही असतात. माझ्या बोक्याच्या मांडीवरची एक गाठ मी बोथट टोकांच्या कात्रीने कापली होती. टोके बोथट असली तरी पाती धारदारच असतात, हे मला त्याच्या दोन टाक्यांनंतर कळले. रक्त फारसे आले नाही, बोका ओरडलाही नाही, आणि जखम केसांखाली झाकलेली असल्याने ती दिसली दुसऱ्या दिवशी.

सैल गाठ हाताने सुटते. गाठ आणि कातडी यांच्यामधले केस दोन बोटांत घट्ट धरावेत, म्हणजे ओढ कातडीला न बसता आपल्या बोटांवर येते. वर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर भुरभुरावे, त्याने केस कोरडे होऊन एकमेकांवरून सरकतात. मग बोटांनी गाठ केसांच्या लांबीच्या दिशेने उभी फाडत न्यावी, आणि विरळ दातांचा कंगवा टोकाकडून सुरू करून थोडा थोडा आत न्यावा. मुळापासून जोर लावला की सगळा गुंता एकत्र दाबला जातो. दोन-तीन मिनिटांत सुटली नाही तर उरलेली उद्यावर ठेवावी.

गाठ सोडवायची की काढायची, हे ठरवण्याची माझी कसोटी साधी आहे : कातडी आणि गाठ यांच्यामध्ये कंगव्याचे दात आडवे सरकवता आले, तर प्रयत्न करून बघावा, सरकत नसतील, तर ती गाठ विंचरून सुटणार नाही आणि तिच्याशी झटापट करणे हा मांजराचा छळ आहे. अशी गाठ केस भादरण्याच्या मशीनने काढतात. त्यासाठी साधारण दीड मिलिमीटर केस ठेवणारे १० नंबरचे पाते वापरतात. ४० नंबरसारखी कातडीला भिडणारी पाती घरी हातात घेऊ नयेत. ताणायची ती कातडी, गाठ नव्हे. पाते कातडीला समांतर ठेवायचे, आणि दर मिनिटाला ते मनगटाच्या आतल्या बाजूला लावून तापले आहे का ते बघायचे. याचा सराव नसेल तर पशुवैद्यांकडे किंवा मांजरांची सवय असलेल्या ग्रूमरकडे, म्हणजे प्राण्यांच्या केसांची निगा राखणाऱ्याकडे, न्यावे. सर्वांगावर गाठींचे कवच झाले असेल तर मांजराला भूल द्यावी लागते, आणि चपट्या तोंडाच्या जातींत श्वासाच्या अडचणी असल्याने ती पशुवैद्यांनी तपासणी करूनच दिली पाहिजे. ग्रूमर स्वतःच ‘झोपेचे औषध देऊन’ करतो म्हणत असेल, तर तिथून मांजर परत आणावे.

तेल, पावडर आणि घरचे इतर उपाय

आपल्याकडे केसांचा कोणताही प्रश्न आला की हात आधी खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. खोबरेल विषारी नाही, पण तेलकट केसांवर धूळ आणि गळलेले केस चिकटतात, आणि मांजर ते सगळे चाटून पोटात घेते; जुलाब होणे ही त्यातली सौम्य बाजू झाली. टी ट्री तेल आणि इतर अनेक सुगंधी अर्क मात्र मांजरासाठी खरोखर विषारी आहेत. माणसांचा कंडिशनर आणि सीरमही टाळावे, कारण अंगाला लागलेले सर्व काही शेवटी पोटात जाते. टाल्कम पावडर श्वासात जाते, म्हणून वर कॉर्नफ्लॉवर सुचवले आहे, आणि तेही चेहऱ्यापासून दूर वापरावे. पिसवा आढळल्या म्हणून कुत्र्याचे औषध मांजरावर कधीही घालू नये : कुत्र्यांच्या अनेक औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते आणि त्याने मांजराला झटके येऊन ते दगावू शकते.

गाठ ही फक्त केसांची बाब समजणे

तरुण, निरोगी मांजराला गाठी झाल्या तर बहुधा विंचरणे कमी पडलेले असते. पण आतापर्यंत नीट असलेल्या मांजराला अचानक गाठी होऊ लागल्या, तर त्याने चाटणे का थांबवले हा प्रश्न आधी विचारावा. गाठी कुठे आहेत त्यावरून बराच अंदाज येतो. कमरेवर आणि मागच्या भागातच गाठी असतील, तर मांजर तिथवर वळू शकत नाही : एक तर ते लठ्ठ झाले आहे किंवा त्याचे सांधे दुखत आहेत. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२ वर्षांवरील १०० मांजरांचे एक्स-रे तपासले गेले, तेव्हा त्यांपैकी ९० मांजरांत सांध्यांची झीज दिसली. मांजर सहसा लंगडत नाही, ते फक्त कपाटावर उडी मारणे सोडते आणि पाठ चाटणे सोडते. सर्व अंगावर केस राठ आणि चिकट झाले असतील आणि तोंडातून लाळ किंवा दुर्गंध येत असेल, तर दात आणि हिरड्या तपासाव्यात. पाणी पिणे वाढले आणि वजन घटत असेल, तर मूत्रपिंड, मधुमेह आणि थायरॉइड यांच्या तपासण्या लागतात. दुखते म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नये, तिची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

गुदद्वाराभोवती विष्ठा चिकटून झालेल्या गाठीला मात्र उद्यावर टाकू नये. ती वाट अडवते, आणि पावसाळ्यात माश्या तिथे अंडी घालून आसडी (अळ्या) पडते. लांब केसांच्या मांजराचे तिथले केस ग्रूमरकडून नियमित आखूड करून घेतले की हा प्रश्न उद्भवतच नाही.

केस भादरल्यानंतर

दर उन्हाळ्यात गाठींच्या भीतीने मांजर सरसकट भादरून घेण्याची पद्धत आता शहरांत रूढ होते आहे. मला ती पटत नाही, पण रोज विंचरणे ज्या घरात होणारच नाही त्या घरात गाठींपेक्षा ती बरी, हेही मान्य केले पाहिजे. असे मांजर थेट उन्हात बसू देऊ नये. भादरण्याची यंत्रे एका मांजरावरून दुसऱ्यावर जातात आणि त्यांच्याबरोबर गजकर्णाची बुरशीही जाऊ शकते. पर्शियन मांजरांत ती वारंवार आढळते आणि माणसांनाही होते, म्हणून पाती निर्जंतुक करतात का हे निःसंकोच विचारावे. हिमालयन किंवा सयामी रंगाच्या (अंग फिकट आणि तोंड, कान, पाय, शेपूट गडद असलेल्या) मांजराच्या अंगावर नवे केस गडद येऊ शकतात, कारण या रंगाचे रंगद्रव्य थंड कातडीवर अधिक तयार होते. घाबरण्याचे कारण नाही.

गाठी निघाल्यावर खालची कातडी दोन-चार दिवस लालसर दिसते आणि मांजर ती जागा सारखी चाटते. ओलसर जखम, पू किंवा काळा-निळा डाग असेल तर पशुवैद्यांना दाखवावे. केस पूर्ववत लांब व्हायला सहसा चार ते सहा महिने लागतात, आणि याच काळात कंगव्याची पुन्हा ओळख करून देणे सोपे जाते, कारण ओढ बसावी इतके केसच अंगावर नसतात. पहिल्या आठवड्यात मऊ टूथब्रश गालावरून फिरवावा आणि लगेच आवडीचा घास द्यावा, मग पाठ, आणि काखा व पोट सर्वांत शेवटी घ्यावे. केस बोटाच्या पेराएवढे वाढले की विरळ दातांचा कंगवा सुरू करावा.