निखाऱ्यांवर रांधताना

रानात चूल पेटवायची तर आधी सरपण नीट निवडा. जमिनीवर पडलेलं लाकूड बऱ्याचदा आतून ओलं असतं, म्हणून मी झाडावरच वाळून अडकलेल्या काटक्या बघते. वाकवल्यावर कट्‌कन मोडली तरच घ्यायची. नदीतले दगड चुलीला अजिबात नकोत. आत मुरलेलं पाणी तापलं की ते फुटू शकतात.

ज्वाळेवर बटाटा बाहेरून करपतो, आत कच्चाच राहतो. निखाऱ्यांवर पांढुरकी राख धरेपर्यंत थांबा. मग बटाटे सालीसकट फुफाट्यात पुरा आणि पाऊणेक तास उकरू नका. काडी आरपार गेली की झाले. काळी साल फोडून वर नुसतं मीठ, बस्स!

निघताना विस्तवावर पाणी ओता, राख ढवळा, पुन्हा ओता. हाताला गार लागेपर्यंत जागा सोडू नका.