रुखवतासाठी न्योन्या पद्धतीची मण्यांची चप्पल घरी कशी भरायची

भाचीचं लग्न आखाजीनंतरच्या तिथीला ठरलं आणि ताई म्हणाली रुखवत भाड्यानेच आणू, आता सगळे तेच करतात. मला काही ते पटलं नाही, पोरीच्या रुखवतात एक तरी वस्तू घरच्या हाताची पाहिजे, म्हणून मी कसुत मानेक, म्हणजे ही मण्यांची चप्पल, करायला घेतली. ज्यांना करायचीय त्यांच्यासाठी सगळं नीट लिहितेय, फक्त लग्नाच्या चार महिने आधी सुरू करा, पंधरा दिवसांत होणारं काम नाही हे.

मलय भाषेत कसुत म्हणजे चप्पल-बूट आणि मानेक म्हणजे मणी, हा शब्द आपल्या मणी-माणिकाच्याच घरातला. ही पेरानाकन बायकांची कला. मलेशियातलं मलाक्का, पिनांग आणि सिंगापूर या बंदरांत फार पूर्वी चिनी व्यापारी येऊन राहिले, तिथल्याच बायकांशी संसार केले, त्यांची पुढची पिढी ती पेरानाकन, पुरुषाला बाबा म्हणतात आणि बाईला न्योन्या. मुलींना घरातच स्वयंपाक, शिवण, मणीकाम शिकवायचे आणि लग्नाआधी मुलीने नवऱ्यासाठी, सासूसासऱ्यांसाठी स्वतः चपला भरायच्या, म्हणजे रुखवतच की हो! त्यांचं जुन्या पद्धतीचं लग्न १२ दिवस चालायचं, त्यात च्यू थाऊ नावाचा केस विंचरायचा विधी असतो, त्यात पाखडायच्या मोठ्या गोल बांबूच्या ताटात तांदळाचं माप ठेवून त्यावर नवऱ्याला-नवरीला बसवतात. आपल्याकडे सूप आणि माप दोन्ही लग्नात आहेत, म्हणून मला हे वाचून एकदम जवळचं वाटलं.

आता सामान. न्योन्या बायका युरोपातून आलेले काचेचे मणी वापरायच्या, फार बारीक, काही एका बाजूने कापलेले, त्यामुळे उजेडात लुकलुकतात. आपण पहिल्यांदा करताना ११ नंबरचे मणी घ्या, मोहरीपेक्षा जरा मोठे असतात, आणि कापड १४ काउंटचं मॅटी, तेच क्रॉस स्टिचवालं, म्हणजे एका घरात एक मणी बरोबर बसतो. हात बसला की मग त्याहून बारीक, १५ नंबरचे मणी आणि १८ काउंट. एका इंचात १४ घरं म्हणजे एका चौरस इंचाला १९६ मणी, एका पायाच्या पंजाला धरा ४ ते ५ हजार, दोन्ही पायांचे मिळून शंभर ग्रॅम मणी आणले की पुरून उरतात. पण मागच्या जमिनीचा रंग एकदाच भरपूर घ्या, दुसऱ्यांदा जाल तर तोच रंग पण छटा वेगळी मिळते आणि मधेच पट्टा दिसतो.

मणी आणल्यावर प्रत्येक रंगाचे आठ-दहा मणी वाटीत साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी पांढऱ्या फडक्यावर चोळून बघा. मी आणलेला गुलाबी अख्खा उतरला, मणी पारदर्शक होऊन फडकं गुलाबी झालं! तेव्हाच कळलं म्हणून बरं, नाहीतर पायाच्या घामाने भाचीची साडी रंगली असती. नंतर ताटलीत पसरून वाकडे, जाड, बुजलेल्या भोकाचे मणी बाजूला काढा, तांदूळ निवडतो तसेच, यात आळस करू नका.

चौकट फार महत्त्वाची. त्या बायका लाकडी चौकटीवर कापड ताणायच्या, तिला पिडांगान म्हणतात. आपली भरतकामाची गोल रिंग चालत नाही, ती मण्यांवर दाब देते आणि कापड तिरकं ओढलं जातं. सुताराकडून दीड बाय एक फुटाची साधी चौकट करून घ्या आणि कापडाच्या चारी कडा खाट विणल्यासारख्या सुतळीने ओढून बांधा. बोटाने टिचकी मारली की डफासारखा आवाज आला पाहिजे. चौकट दोन स्टुलांवर टेकवा म्हणजे एक हात वर, एक हात खाली राहतो.

टाका क्रॉस स्टिचचा अर्धाच. दोरा पॉलिस्टरचा, दुहेरी, मेणावरून ओढलेला, सुई १० किंवा १२ नंबरची. घराच्या डाव्या खालच्या भोकातून सुई वर काढा, एक मणी घ्या, उजव्या वरच्या भोकातून खाली घाला, ओढा. मणी तिरका बसतो, आणि सगळेच्या सगळे त्याच बाजूला तिरके पाहिजेत, एक जरी उलटा बसला तरी लांबून दिसतो. ओळीने जा, नक्षीची ओळ आणि जमीन सोबतच भरत जा, नुसतं फूल आधी भरून घेतलं तर नंतर मधली घरं भरताना जागा चेपते. दर वीस-पंचवीस मण्यांनी मागे एक गाठ मारा, म्हणजे दोरा तुटला तर पूर्ण ओळ सांडत नाही. आणि गोंदाने मणी चिकटवून झटपट करायचा विचार असेल तर कृपया त्याला कसुत मानेक म्हणू नका.

नक्षी आलेख कागदावर काढा. पियोनीचं फूल, फिनिक्स, फुलपाखरू, मासे हे त्यांचे आवडते, शिवाय युरोपियन क्रॉस स्टिचच्या कागदांवरून घेतलेले गुलाबही. रंग भडकच शोभतात, गुलाबी, पिवळा, हिरवट निळा. नुसता निळा-पांढरा-काळा मेळ करू नका, त्यांच्यात तो सुतकातला. आणि डाव्या पायाची नक्षी उजव्यासाठी उलटी, आरशात दिसते तशी. मी पहिल्या वेळेस दोन्ही सारखेच भरले, पूर्ण तीन आठवड्यांचं काम उसवावं लागलं आणि खरंच रडू आलं. कागद खिडकीच्या काचेला उलटा लावून आधीच गिरवून ठेवा.

भरून झालं की कडेने इंचभर कापड सोडून कापा, मागे अस्तर लावा, मग चपला शिवणाऱ्या दादांकडे घेऊन जा. त्यांना आधीच सांगा की मण्यांवर मशिन चालवायचं नाही, दाबपट्टीखाली मणी फुटतात, कडेचा टाका हातानेच पाहिजे. सोल भाचीच्या पायाच्या मापाचाच घ्या.

आमच्या मोठ्या आईने शेवटी विचारलंच, रुखवतात चपला कशा ठेवी राहिनी व माय? बरोबर आहे तिचं. आम्ही त्या देवाच्या, खाण्याच्या वस्तूंपासून लांब, खालच्या पायरीवर वेगळ्या पाटावर ठेवल्या आणि शेजारी चिठ्ठीत पेरानाकन कला म्हणून लिहिलं. तुमच्या घरी अजिबात चालणार नसेल तर हेच भरलेलं कापड बटव्याला लावा, न्योन्या बायका बटवे, पट्टे, पलंगाचे पडदे सगळंच भरायच्या. सिंगापूरच्या पेरानाकन म्युझियममध्ये पिनांगचं एक टेबलक्लॉथ आहे, त्यात १० लाखांवर मणी आहेत.

लग्नानंतर चपला सुती कपड्यात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तर मुळीच नको, सोलचा गोंद सुटतो.