अल्फा रोमिओ १६४ चं सस्पेन्शन: भाग मागवताना आणि बसवताना या चुका टाळा

अल्फा रोमिओ १६४ पहिल्यांदा १९८७ च्या फ्रँकफर्ट मोटर शोमध्ये दिसली. म्हणजे सुरुवातीच्या गाड्यांनी पस्तिशी केव्हाच ओलांडली. या गाडीचं व्ही-६ इंजिन पुढे २००५ पर्यंत दुसऱ्या अल्फांमध्ये चालू राहिलं, त्यामुळे इंजिनाचे भाग शोधणं त्या मानाने सोपं आहे. सस्पेन्शनला मात्र असा पुढचा वंश मिळाला नाही. इथे एक चुकीचा भाग मागवला तर पैसे जातातच, पण योग्य भाग पुन्हा मिळेपर्यंत गाडी स्टँडवर उभी राहते. म्हणून आधी निदान, मग खरेदी.

मांडणी थोडक्यात अशी: पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब), खाली त्रिकोणी लोअर आर्म (चाक बॉडीशी जोडणारी भुजा) आणि स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारी दांडी). मागेही स्ट्रटच, पण चाक धरून ठेवायला दोन आडव्या लिंक आणि पुढे-मागे ओढ सांभाळणारी एक लांबट दांडी. मागचं सस्पेन्शन पूर्ण स्वतंत्र आहे, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं हलतं, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

खडखड ऐकली की शॉकअप मागवणं

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो. शॉकअप गेला तर गाडी डोलते, खड्ड्यातून निघाल्यावर दोन-तीनदा वरखाली होते, किंवा रॉडवरून तेल ओघळतं. खडखड हे त्याचं मुख्य लक्षण नव्हे. कमी वेगात, बारीक खडबडीत रस्त्यावर येणारी टकटक बहुतेक वेळा स्टॅबिलायझरची लिंक, बारचे बुश (जोडात बसणारे रबरी भाग) किंवा स्ट्रटचं वरचं माउंटिंग यांची असते. खात्री करणं सोपं आहे. पुढच्या दोन्ही बाजूंच्या लिंक सोडवा, कशाला आपटणार नाहीत अशा बांधून ठेवा आणि त्याच रस्त्यावरून गाडी हळू फिरवा. आवाज गायब झाला तर दोष लिंक किंवा बारच्या बुशमध्ये आहे. वळणावर गाडी नेहमीपेक्षा जास्त कलेल, त्यामुळे ही चाचणी गल्लीपुरतीच ठेवा.

ब्रेक दाबताना किंवा अॅक्सिलरेटर सोडताना एकच ‘धप्प’ येत असेल तर आधी लोअर आर्मचा मागचा बुश बघा. एकाने गाडीत बसून हळूच पुढे-मागे हलवत ब्रेक मारावा. दुसऱ्याने बाजूला सुरक्षित अंतरावर उभं राहून चाक आणि मडगार्डमधली फट बघावी. चाक पुढे-मागे सरकताना दिसलं तर बुश संपला. व्ही-६ गाड्यांमध्ये याचा त्रास दुप्पट जाणवतो, कारण जोर पुढच्या चाकांवर येतो आणि सैल बुशमुळे स्टिअरिंग हातातून खेचलं जातं. मालक स्टिअरिंग रॅकला दोष देत बसतो.

असाच धप्प आवाज इंजिनाचा टॉर्क रॉड (इंजिनाची उसळी रोखणारी दांडी) किंवा माउंटिंग गेल्यावरही येतो. बॉनेट उघडा, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक घट्ट दाबून ठेवा, समोर कोणी उभं नाही ना ते बघा आणि गिअर टाकून इंजिनावर किंचित भार द्या. इंजिन उसळी मारत असेल तर सस्पेन्शनला हात लावू नका.

जागेवर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ‘टंग’ करून सुटते का? दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगून स्प्रिंगवर नुसता तळहात ठेवा. झटका हाताला कळतो. तसं असेल तर वरच्या माउंटिंगचं बेअरिंग जाम झालंय. स्प्रिंग आणि शॉकअप धडधाकट असू शकतात.

बॉल जॉइंटचा (आर्मच्या टोकाचा गोल सांधा) प्ले, म्हणजे सैलपणा, तपासताना जॅक लोअर आर्मखाली लावणं ही हमखास होणारी चूक. मॅकफर्सन मांडणीत आर्मखाली आधार दिला की जॉइंट दाबला जातो आणि प्ले लपतो. जॅक बॉडीच्या ठरलेल्या जागी लावा, स्टँड द्या, चाक लोंबकळू द्या. मग आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो आधार) यांच्यामध्ये पहार घालून हलवा. चाक वर-खाली धरून हलवल्यावर प्ले जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा आहे. राहिला तर बॉल जॉइंट किंवा स्ट्रटच्या बाजूचा. चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर येणारा प्ले बहुधा टाय रॉड एंड (स्टिअरिंगची दांडी नकलला जोडणारा सांधा) किंवा स्टिअरिंग रॅकचा असतो.

‘प्लॅटफॉर्म एकच आहे’ म्हणून भाग उचलणं

१६४, लान्सिया थीमा, फियाट क्रोमा आणि साब ९००० या चार गाड्या ‘टाइप फोर’ कुटुंबातल्या. हे वाचून कोणीतरी स्वस्तात साबचा भाग घेतो आणि फसतो. साब ९००० ला मागे दोन्ही चाकं जोडणारा सलग बीम अॅक्सल आणि तो बाजूला सरकू न देणारी दांडी (पॅनहार्ड रॉड) आहे, १६४ ला स्वतंत्र स्ट्रट. मागचं काहीच जुळणार नाही. थीमा आणि क्रोमा मांडणीने जवळच्या आहेत, पण मांडणी सारखी म्हणजे माप सारखं असं नाही. जुना भाग काढून मोजमापाच्या कॅलिपरने बुशचा आतला-बाहेरचा व्यास, लांबी आणि बोल्टचं माप घ्या, विक्रेत्याकडून तीच मापं लेखी मागवा, मगच पैसे द्या. नातेसंबंधावर भाग मिळत नसतात.

भाग-क्रमांक हाच खरा पुरावा. त्या काळातले अल्फाचे क्रमांक बहुतेक ६० ने, तर लान्सियाचे ८२ ने सुरू होतात. फियाट समूहाच्या ‘ईपर’ या भागांच्या इलेक्ट्रॉनिक कॅटलॉगमध्ये ‘झेड-ए-आर’ने सुरू होणारा चासिस क्रमांक घेऊन बसा. मधल्या काळात झालेले बदल आणि जुन्या क्रमांकाच्या जागी आलेला नवा क्रमांक तिथे कळतो. ‘१६४ साठी, सर्व मॉडेल’ असं लिहिणाऱ्या जाहिरातीवर भरवसा ठेवू नका. दोन लिटर ट्विन स्पार्क, डिझेल आणि व्ही-६ यांच्या पुढच्या भागाचं वजन वेगळं, म्हणून स्प्रिंगही वेगळ्या.

इटलीतल्या दुकानातून किंवा भंगारवाल्याकडून घेताना डीएक्स म्हणजे उजवा आणि एसएक्स म्हणजे डावा. ड्रायव्हर पुढे तोंड करून बसलाय असं धरून ही बाजू ठरते, समोरून गाडी बघताना नव्हे. ‘अँट’ पुढचा, ‘पोस्ट’ मागचा. ‘आम्मोर्तिझ्झातोरे’ म्हणजे नुसता शॉकअप. त्यात स्प्रिंग (‘मोल्ला’), वरचं माउंटिंग किंवा बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला गेल्यावर धक्का झेलणारा तुकडा) येईल असं गृहीत धरू नका. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी आणखी एक हिशेब करावा: २०२१ पासून युरोपीय संघातून येणाऱ्या पार्सलवर व्हॅट आणि कस्टमची भानगड आहे. चुकीचा भाग परत पाठवणं त्यामुळे डोकेदुखीच.

स्प्रिंग एकेकटी घेऊ नका. फियाट समूहाच्या स्प्रिंगांवर भारानुसार रंगाची खूण असते, बहुधा पिवळी किंवा हिरवी. एका अॅक्सलवर दोन्ही बाजूंना एकाच रंगाची स्प्रिंग हवी, नाहीतर नवी स्प्रिंग बसवूनही गाडी एका बाजूला झुकलेली दिसते. जुन्या स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा नीट पुसून बघा. रंग उडून गंज धरला की तुटण्याची सुरुवात तिथून होते, आणि वरून बघितलं तर पत्ताही लागत नाही.

डबा न फोडलेला जुना माल म्हणजे नवा माल, असं समजणं

१९९० च्या सुमाराचा, मूळ खोक्यातला बुश मिळाला की आनंद होतो. रबर मात्र डब्यातही म्हातारं होतं. हवेतल्या ऑक्सिजन आणि ओझोनमुळे ते कडक होतं आणि आतल्या धातूच्या नळीशी असलेली त्याची पकड सुटू लागते. अंगठ्याने दाबा, किंचित वाकवा, जोडाच्या कडेला बारीक भेगा दिसतात का ते भिंगाने बघा. भेगा दिसल्या तर तो बुश संग्रहात शोभेल, गाडीत नाही.

जुन्या पण न वापरलेल्या शॉकअपची क्रोम रॉड पूर्ण बाहेर ओढून बघा. गंजाचा एक बारीक खड्डासुद्धा सील कापतो. आडवा पडून राहिलेला ट्विन-ट्यूब (एकात एक दोन नळ्या असलेला) शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा-ओढा, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. तसाच बसवला तर पहिल्याच खड्ड्यात ठोकेल आणि तुम्ही भाग खराब निघाला म्हणून विक्रेत्याशी भांडाल.

लोअर आर्म मिळत नसेल तर जुन्यातच नवे बुश प्रेसने बसवता येतात. म्हणून नवा आर्म हातात येऊन मापला जाईपर्यंत जुना भंगारात देऊ नका. जुना बुश काढण्याआधी त्याच्या रबरातल्या पोकळ्या कुठल्या दिशेला आहेत त्याची आर्मवर पंचने खूण करा. पोकळीची दिशा चुकली तर बुश मऊ हवा तिथे कडक आणि कडक हवा तिथे मऊ होतो. बसवताना साबणाचं पाणी वापरा. पेट्रोलियमचं ग्रीस नैसर्गिक रबराला फुगवतं. गॅसच्या ज्योतीने बुश जाळून काढायची सवय सोडा. धूर विषारी असतो आणि आर्मचं धातूही तापून बिघडतं.

पॉलियुरेथेनबद्दल दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. स्टॅबिलायझर बारवर ते छान चालतं. पण जो बुश फिरण्याबरोबर थोडा वाकडाही व्हायला हवा, तिथे कडक पॉली अडकतं, कुरकुरतं आणि सगळा धक्का बॉडीच्या जोडावर टाकतं. आरामदायी प्रवासासाठी बनवलेल्या गाडीत लोअर आर्मच्या मागच्या बाजूला चांगलं रबर मिळत असताना पॉली घालण्यात अर्थ नाही.

उघडताना होणारं नुकसान

स्प्रिंग कॉम्प्रेसर न लावता स्ट्रटचा वरचा नट सोडणं जिवावर बेतू शकतं. दोन्ही हुक समोरासमोर, सारख्या वेढ्यांवर लावा आणि थोडं-थोडं, आळीपाळीने दाबा. रॉडचा नट इम्पॅक्ट गनने फिरवला तर रॉड गरागरा फिरून नव्या शॉकअपचं सील खराब होतं. रॉड हातपान्याने धरून नट सोडा. माउंटिंगचे वॉशर आणि बेअरिंग कोणत्या क्रमाने निघाले त्याचा फोटो काढून ठेवा.

स्ट्रट नकलपासून वेगळा करण्याआधी जोडावर रंगाने रेघ मारा, कारण बोल्टच्या भोकातल्या थोड्याशा सैलपणानेही कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) बदलतो. एबीएसचा सेन्सर गंजून नकलमध्ये घट्ट बसलेला असेल तर ओढू नका, तुटेल. वायरचा जोड सोडून सेन्सर नकलसकट राहू द्या. ब्रेकचं कॅलिपर तारेने टांगा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका. नकल बाहेर झुकू दिला तर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो. हब नट सैल असताना गाडीचा भार चाकांवर येऊ दिला की बेअरिंग खराब होतं, मग ते नवं का असेना.

चाक हवेत असताना बुशचे बोल्ट आवळणं

नवे बुश काही महिन्यांत फाटले, अशी तक्रार आली की नव्वद टक्के संशय इथे घ्यावा. या बुशमध्ये रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. बोल्ट आवळला की ती नळी जागच्या जागी पकडली जाते आणि आर्म फिरतो तो रबर पिळूनच. चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. गाडी सुरुवातीला थोडी उंच उभी राहते, नंतर बसते, आणि बुश कडेने फाटायला लागतो.

योग्य क्रम असा: सगळे बोल्ट हाताने बसवा, गाडी रॅम्पवर किंवा चारही चाकांवर उतरवा, दोन-चार मीटर पुढे-मागे हलवा, गाडी दोनदा दाबून सोडा आणि मगच टॉर्क रेंचने वर्कशॉप मॅन्युअलमधल्या मापाला आवळा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) नवेच वापरा. मागच्या आडव्या लिंकसाठीही हेच.

इलेक्ट्रॉनिक शॉकअप

काही १६४ गाड्यांना, उदाहरणार्थ अमेरिकेत विकलेल्या ‘एस’ला, बटणाने कडकपणा बदलणारे शॉकअप आहेत. ते महाग आणि दुर्मिळ, त्यामुळे दिवा लागला की लगेच शॉकअप गेला असं ठरवू नका. आधी मडगार्डमधली, चाकाबरोबर वाकणारी वायर आणि तिचा जोड बघा. मग डाव्या-उजव्या कॉइलचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजून तुलना करा. एक बाजू पूर्ण तुटलेली दाखवली तरच पुढे जा. साधे शॉकअप घालायचे ठरवलं तर चारही एकदम घाला, मोकळे जोड पाणी लागणार नाही असे बंद करा आणि जुने शॉकअप जपून ठेवा. पुढे गाडी विकताना त्यांना किंमत येते.

सस्पेन्शन नवं, तरी स्टिअरिंग थरथरतं

१६४ च्या चाकांची बोल्ट-मांडणी ५×९८ मि.मी. आहे. बाजारात ५×१०० ची चाकं मुबलक, आणि बोल्ट जोर लावून आत जातातही. पण प्रत्येक बोल्ट मध्यापासून १ मि.मी. सरकलेला असल्याने त्याचा शंकू नीट बसत नाही. चाक केंद्रातून हलतं, थरथर होते, बोल्ट सैल होऊ लागतात. दोष मात्र सस्पेन्शनच्या माथी मारला जातो. मधल्या भोकाचा व्यास ५८.१ मि.मी. आहे, भोक मोठं असेल तर योग्य मापाची रिंग घाला.

अलाइनमेंट फक्त पुढच्या चाकांची करून घेऊ नका. मागच्या लिंकचे बुश बदलले की मागचा टो (वरून बघता चाकांची आत किंवा बाहेर वळलेली दिशा) बदलतो, आणि मागची चाकं तिरकी असतील तर पुढचं माप बरोबर असूनही स्टिअरिंग वाकडं राहतं. मागच्या टायरची आतली कड झिजलेली दिसली तर संशय तिथेच घ्या. चारही चाकांची तपासणी मागा, आधी मागची जुळवायला लावा, मग पुढची. टाकी अर्धी भरलेली, टायरची हवा ठरल्याप्रमाणे, डिकी रिकामी. छापील आकड्यांचा कागद घेऊन ठेवा आणि पाचशे किलोमीटरनंतर, नवे बुश आणि स्प्रिंग बसल्यावर, टो पुन्हा मोजून घ्या.