स्प्रिंकलर उघडेना किंवा बंद होईना, तर

गोल्फ कोर्सवर एखादं स्टेशन (एका व्हॉल्व्हवर चालणारे स्प्रिंकलर) चालेनासं झालं की थेट नवी कॉइल, म्हणजे व्हॉल्व्ह विजेने उघडणाऱ्या सोलेनॉइडमधली तारेची गुंडाळी, बसवायची घाई होते. कॉइल महाग, आणि अनेकदा ती ठणठणीतच असते. बिघाड पाण्याचा की विजेचा, एवढं आधी ठरवा.

व्हॉल्व्ह ज्यात बसवलेला असतो तो जमिनीतला चेंबर उघडा आणि सोलेनॉइड हाताने घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरवा. पाणी आलं तर व्हॉल्व्ह बरा आहे, दोष विजेचा. मग कंट्रोलरवरून स्टेशन चालू ठेवून कॉइलच्या वायरींवर 24 व्होल्ट एसी येतात का ते मोजा. (सगळे व्हॉल्व्ह एकाच दोन-तारी केबलवर डीकोडरने चालवणाऱ्या टू-वायर सिस्टिमला ही तपासणी लागू नाही.) व्होल्टेज आहे, तरी हालचाल नाही? सप्लाय बंद करून वायरी सोडवा आणि कॉइलचा रेझिस्टन्स बघा. साधारण 20 ते 60 ओहम आला तर ठीक, मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटलेली, शून्याजवळ गेला तर शॉर्ट. व्होल्टेजच नसेल तर पहिला संशय जॉइंटवर घ्या. नुसती टेप गुंडाळलेला तांब्याचा जॉइंट ओलाव्यात हिरवा पडतो. तिथे ग्रीस भरलेला वॉटरप्रूफ कनेक्टरच हवा. एका केबलवरची सगळी स्टेशनं एकदम गेली असतील तर कॉमन वायर, म्हणजे सगळ्या व्हॉल्व्हची सामाईक परतीची तार, कुठे तुटली ते शोधा.

स्टेशन बंद होत नसेल तर गोष्ट वेगळी. व्हॉल्व्हमधल्या रबरी पडद्याच्या, म्हणजे डायफ्रामच्या, वर पाणी भरतं आणि त्या दाबानेच व्हॉल्व्ह मिटतो. वर पाणी नेणारं बारीक छिद्र चोंदलं, रबराला चीर गेली, सीटवर खडा बसला किंवा सोलेनॉइडच्या प्लंजरखाली (आत वर-खाली होणाऱ्या दांड्याखाली) कण अडकला, की पाणी वाहतच राहतं. त्या व्हॉल्व्हच्या आधी असलेला, पाणी तोडणारा आयसोलेशन व्हॉल्व्ह बंद करून दाब सोडा. झाकणाचे स्क्रू आमनेसामने थोडेथोडे ढिले करा आणि झाकण दाबून धरा, नाहीतर आतली स्प्रिंग उडते आणि चिखलात शोधत बसावं लागतं. डायफ्राम उजेडाकडे धरून हलका ताणा. सुईएवढं भोकही दिसतं. पाणी नेणारं ते बारीक छिद्र मात्र सुईने कोरू नका, धुऊन फुंकर मारा. सोलेनॉइड बसवताना पाना लावायचा नाही, हाताने आवळला की पुरे. ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) विसरू नका.

पाणी परत सोडताना सगळ्यात लांबचा आणि उंचावरचा एकेक स्प्रिंकलर उघडा ठेवून मुख्य व्हॉल्व्ह अगदी हळू फिरवा. अडकलेली हवा निघाली नाही तर वॉटर हॅमरने (पाण्याच्या दाबाच्या अचानक धक्क्याने) फिटिंग फुटतं, आणि मग खणाखणी.

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर ही यंत्रणा जवळजवळ झोपलेली असते. त्या काळातही पंधरा दिवसांनी प्रत्येक स्टेशन दोन मिनिटं चालवा, म्हणजे डायफ्राम चिकटत नाहीत. चेंबरच्या तळाशी चार बोटं खडी असू द्या. चिखल वर चढत नाही.