इंजिन बदललं, पण टायमिंग जुळेना? या चुका टाळा

मारुती जिप्सीवाल्यांमध्ये हा प्रकार हमखास दिसतो. 1298 सीसीचं मूळ इंजिन उतरवून जुन्या बलेनो सेडानचं 1590 सीसीचं इंजिन चढवलं जातं. दोन्ही सुझुकीच्या जी मालिकेतली, त्यामुळे बसवणाऱ्यांची संख्याही मोठी. इंजिन जागेवर बसतं, क्लच जुळतो, पहिल्या सेल्फला आवाजही येतो आणि मग रडगाणं सुरू होतं. सायलेन्सरमधून फटाके, चढावर पिकअप गायब, सकाळी पटकन चालू होणारी गाडी गरम झाली की सेल्फ मारून मारून बॅटरी उतरवते. टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी आणि व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या जागेशी जुळणं, चुकल्याची ही लक्षणं. अशा वेळी गॅरेजमध्ये ठरलेलं वाक्य ऐकू येतं : "सेन्सर गेला असेल, बदलून बघू."

माझं ठाम मत आहे की इंजिन बदललेल्या गाडीत सेन्सरचा नंबर शेवटी लागायला हवा. आधी इंजिनाचा शून्य, म्हणजे एक नंबरचा पिस्टन अगदी वर असतो ती जागा, कुठे आहे हे हाताने शोधायचं, मग ईसीयूपर्यंत (इंजिन चालवणाऱ्या संगणकापर्यंत) सिग्नल नीट पोचतोय का ते मीटरवर बघायचं, आणि एवढं झाल्यावरच एखाद्या सुट्या भागावर संशय घ्यायचा. हा क्रम उलटा केला की कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नाहीतर नाना पेठेत जाऊन एकामागून एक सेन्सर आणले जातात आणि गाडी होती तिथेच राहते.

पुलीवरच्या खुणेवर डोळे मिटून विश्वास

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा. त्याच्या पुलीच्या दोन भागांमध्ये रबर असतं. वीस वर्षं जुन्या इंजिनात ते रबर सुटून बाहेरची कडी फिरलेली असू शकते. शिवाय एसीचा किंवा पॉवर स्टिअरिंगचा बेल्ट जुळवायला दुसऱ्याच इंजिनाची पुली लावलेली असेल, तर तिच्यावरची खूण या इंजिनाच्या कामाचीच नाही. टायमिंग लाईट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) मारून तुम्ही खूण बरोबर आणता, पण ती खूणच खोटी असते.

म्हणून एक नंबरचा प्लग काढा. भोकावर अंगठा धरून दुसऱ्या माणसाला पान्याने क्रँक सावकाश फिरवायला सांगा. हवा अंगठ्याला ढकलू लागली की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. ही पायरी गाळू नका, कारण पिस्टन एक्झॉस्टच्या स्ट्रोकलाही वर येतो आणि त्या वरच्या टोकावर डिस्ट्रिब्युटर (प्लगांना क्रमाने वीज वाटणारा भाग) बसवलात तर स्पार्क पूर्ण एक फेरी चुकतो. गाडी चालू होत नाही, उलट कार्ब्युरेटरमधून किंवा इनटेकमधून भडका येतो. नेमका वरचा बिंदू काढायला प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा दांडा) लावा. एका बाजूने पिस्टन टेकेल तिथे पुलीवर खूण करा, उलट फिरवून टेकेल तिथे दुसरी. दोन्हींच्या बरोबर मध्ये खरा शून्य. पिस्टन स्टॉप असताना सेल्फ चुकूनही मारायचा नाही, सगळं हातानेच.

त्याच वेळी टायमिंग बेल्टच्या खुणा उघडून पाहा. क्रँकच्या दातेरी पुलीला समजा 24 दात असतील, तर एक दात चुकला म्हणजे क्रँकचे 15 अंश गेले. एवढा फरक डिस्ट्रिब्युटर फिरवून झाकता येतो. इंजिन चालतं, पण ओढत नाही, कारण व्हॉल्व्हचं टायमिंग चुकलेलंच राहतं. इग्निशन कितीही सुधारलं तरी चढावर गाडी बसते, त्यामागे बरेचदा हेच कारण निघतं.

ईसीयू टायमिंग हलवत असताना बेस टायमिंग लावणं

एमपीएफआय, म्हणजे ईसीयूच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात आयडलिंगलाही ईसीयू टायमिंग सतत पुढे-मागे करत असतो. टायमिंग लाईटमध्ये खूण नाचताना दिसते ती त्यामुळे. अनेक जुन्या एमपीएफआय इंजिनांत डायग्नोसिस कपलरमधली ठरावीक पिन अर्थ केली की ईसीयू हात काढून घेतो आणि बेस म्हणजे मूळ टायमिंग स्थिर दिसतं. कोणती पिन आणि किती अंश, हे ज्या गाडीचं इंजिन आहे तिच्या मॅन्युअलमधून घ्या. ज्या गाडीत बसवलं तिचा आकडा इथे लागू नाही. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, दिवे बंद. काम झाल्यावर ती जंपर वायर काढायला विसरू नका, नाहीतर गाडी कायम त्याच टायमिंगवर चालेल.

एका कॉईलवर दोन प्लग असलेल्या इंजिनात स्पार्क प्रत्येक फेरीला पडतो, म्हणजे दुप्पट वेळा. अंश डायल करायच्या काही डिजिटल टायमिंग लाईट त्यामुळे दुप्पट अॅडव्हान्स (ठिणगी किती अंश आधी पडते ते) दाखवतात. 10 च्या जागी 20 दिसलं म्हणून टायमिंग मागे ओढलं की चांगलं चालणारं इंजिन बिघडलंच.

फ्लायव्हील बदललं, दात मोजले नाहीत

क्लच जुळावा म्हणून जुन्या इंजिनाचं फ्लायव्हील नव्याला लावतात. ज्या इंजिनात क्रँक सेन्सर फ्लायव्हीलवरचे दात वाचतो, तिथे ही घोडचूक आहे. 60 दातांतले 2 गाळलेलं चाक दर 6 अंशांनी एक दात दाखवतं, 36 मधला 1 गाळलेलं चाक 10 अंशांनी. ईसीयू एका नमुन्यासाठी लिहिलेला असताना दुसरा मिळाला, तर सेन्सर अगदी नवा कोरा असूनही त्याला क्रँकची जागा कळत नाही. दात सारखे असले तरी गाळलेला दात क्रँकच्या कोणत्या कोनावर आहे, तेही तपासावं लागतं. साधा मार्ग हाच की ईसीयू, त्याचं वायरिंग, फ्लायव्हील किंवा ट्रिगर चाक आणि सेन्सर हे सगळं एकाच गाडीतून एकत्र आणायचं. इमोबिलायझर असेल तर चावीही.

दोन वायरचा आणि तीन वायरचा सेन्सर

दोन वायरचा क्रँक सेन्सर सहसा चुंबकीय असतो, स्वतः एसी व्होल्टेज तयार करतो. तीन वायरचा बहुतेकदा हॉल सेन्सर असतो. त्याला सप्लाय लागतो आणि तो चौकोनी सिग्नल देतो. एकाच्या जागी दुसरा चालत नाही, कपलर जुळला तरी.

दोन वायरच्या सेन्सरमध्ये वायरी उलट लागल्या तरी मल्टीमीटर काही बोलत नाही. ओहम तेवढेच, एसी व्होल्टेजही तेवढंच. पण सिग्नल ज्या बाजूने शून्य ओलांडतो ती बाजू बदलते, आणि ईसीयूला गाळलेला दात स्पष्ट दिसत नाही. ईसीयूमध्ये टायमिंग लॉक करून लाईट मारा आणि आरपीएम हळूहळू वाढवा. खूण जागेवर राहायला हवी. आरपीएमबरोबर ती सरकत गेली, तर आधी या दोन वायरी अदलाबदल करून पाहा. स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) मिळाला तर सोन्याहून पिवळं. सेन्सर आणि दात यांतली फटही मोजा. ती साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असते, नेमका आकडा मॅन्युअलचा. कंस किंचित वाकला तरी सेल्फच्या मंद फिरण्यात सिग्नल इतका अशक्त होतो की गाडी फक्त ढकलून चालू होते.

क्रँक सेन्सरच्या वायरीवरची धातूची जाळी एकाच टोकाला अर्थ करायची, आणि ही वायर प्लगच्या वायरींपासून लांब न्यायची. प्लगही रेझिस्टरवालेच लावा. साधे प्लग लावल्यावर वरच्या आरपीएमला उगाच मिसिंग येतं आणि दोष सेन्सरला मिळतो.

अर्थिंग आणि छोटे सेन्सर

इंजिन रबरी माउंटवर उभं असतं, म्हणजे बॉडीशी त्याचा विजेचा संबंध फक्त अर्थच्या पट्टीतून. ती पट्टी रंगावर नटबोल्टने आवळलेली असेल तर सगळेच सेन्सर खोटं बोलतात. मल्टीमीटर डीसीवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन ब्लॉकला, आणि सेल्फ मारा. 0.2 व्होल्टच्या वर गेलं तर आधी ते दुरुस्त करा.

पाण्याच्या तापमानाचे बरेचदा दोन सेन्सर असतात: एका पिनचा मीटरच्या काट्यासाठी, दोन पिनचा ईसीयूसाठी. ईसीयूचा चुकला तर त्याला इंजिन कायम थंडच वाटतं, पेट्रोल जास्त जातं आणि टायमिंगही बदलतं. मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) तपासायला किल्ली ऑन, इंजिन बंद ठेवून स्कॅनरवर दाब पाहा. मुंबईत तो 101 किलोपास्कलच्या जवळ, पुण्यात 95 च्या आसपास, महाबळेश्वरला 86 हवा. नॉक सेन्सर (इंजिनातली ठोकर, म्हणजे नॉकिंग, ऐकणारा) ब्लॉकवर वॉशर न घालता, सांगितलेल्या टॉर्कलाच आवळा. मधल्या भोकातून बोल्ट जाणाऱ्या चपट्या सेन्सरना सहसा 20 न्यूटन मीटर लागतो. तो जास्त आवळला किंवा एक्झॉस्ट कुठे चेसिसला घासत असला, तर ईसीयू नसलेलं नॉकिंग ऐकून टायमिंग मागे घेत राहतो.

स्कॅनरवर पी 0335 हा कोड आला तर क्रँक सेन्सरचं सर्किट, पी 0340 आला तर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) सेन्सरचं. पी 0016 म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ नाही, आणि तो दिसला तर दुकानात जायच्या आधी टायमिंग बेल्टचं कव्हर उघडा.

गरम झाल्यावरच बंद पडणाऱ्या गाडीत क्रँक सेन्सर खरंच दोषी असू शकतो. बंद पडल्या क्षणी सेल्फ मारताना आरपीएम स्कॅनरवर शून्य दिसतोय का पाहा. शून्य असेल तर सेन्सरवर थंड पाण्याचं फडकं धरा. थोड्या वेळाने गाडी चालू झाली, तर नवीन सेन्सर आणा. पण तो बसवण्याआधी वायर एक्झॉस्टपासून किती लांब आहे ते बघून घ्या. आडव्या इंजिनाचं वायरिंग उभ्या इंजिनावर ताणून नेलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते मॅनिफोल्डला चिकटूनच गेलेलं असतं.