नदीची लांबी मोजताना या चुका टाळा

गोदावरी नागपूर जिल्ह्यात शिरत नाही, पण नागनदीचं पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता असं फिरत शेवटी तिलाच मिळतं. म्हणून इथल्या भूगोलाच्या प्रकल्पात तुलनेला बहुधा तीच घेतली जाते. आणि तक्ता असा तयार होतो: गोदावरी 668, नर्मदा 1312, कृष्णा 1400. दक्षिण गंगा सगळ्यांत धाकटी!

668 किमी हा गोदावरीचा फक्त महाराष्ट्रातला प्रवास. त्र्यंबकेश्वरपासून समुद्रापर्यंत ती 1465 किमी वाहते. राज्यापुरतंच बोलायचं तर कृष्णा 282 आणि नर्मदा अवघी 54, तीही सीमेवरून. म्हणून स्तंभाच्या डोक्यावरच 'उगम ते मुख' की 'राज्यातील लांबी' ते लिहावं. ब्रह्मपुत्रेचंही तेच: एकूण सुमारे 2900 किमी, त्यातले भारतात 916. 2525 किमीच्या गंगेशी तुलना करताना यातला कुठला आकडा घेता, त्यावर मोठी कोण हे उलटतं.

दोन पुस्तकांतले आकडे एकाच तक्त्यात घालणं ही चूक सहज लक्षात येत नाही. कृष्णेची लांबी कुठे 1400, कुठे 1401, तर काही ठिकाणी 1290 दिलेली असते. 1290 घेतली की नर्मदा तिच्या पुढे जाते, 1400 घेतली की मागे पडते. पूर्ण तक्ता एकाच पुस्तकावरून भरा.

उगम आणि मुख कुठे धरलं यावरही बरंच ठरतं. नाईल 6650 आणि ॲमेझॉन 6400 किमी हे रूढ आकडे. पण ब्राझीलच्या अवकाश संशोधन संस्थेने 2008 मध्ये दोन्ही नद्या एकाच पद्धतीने मोजल्या आणि ॲमेझॉन साधारण 140 किमीने लांब ठरवली.

खरी गडबड होते ती स्वतः मोजताना. नकाशावर वळण सोडून सरळ टिंबं जोडली की लांबी कमीच येते, जास्त कधीच नाही. नदीच्या पात्राची रुंदी असेल त्याहून दोन टिंबांतलं अंतर मोठं ठेवू नका. तीव्र वळणावर आणखी दाट टिंबं द्या. रेषा पात्राच्या मधून न्या, कधी या काठाने तर कधी त्या काठाने नको. उपग्रहचित्र पावसाळ्यातलं नको. कन्हानच्या रेतीत उन्हाळ्यात पाण्याच्या दोन-तीन धारा होतात, तेव्हा मुख्य धार एकच धरा. पेंच मोजताना तोतलाडोहच्या जलाशयात जुनं पात्र दिसत नाही. तिथे धरणापूर्वीचा स्थलदर्शक नकाशा लागतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत नागपूर शहर 55-ओ या मालिकेत येतं. 1:50,000 च्या नकाशावर 1 सेंमी म्हणजे 500 मीटर, त्यामुळे कागदी नकाशावर वळणांवरून दोरा ठेवून मोजत असाल, तर तो ताणला जाणारा नको. लोकर तर अजिबात नको.

क्यूजीआयएस या संगणकावर नकाशे करण्याच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नेहमीची तक्रार: 'लांबी 7 टक्के जास्त येते.' थर (नदीची रेषा असलेली फाइल) वेब मर्केटरमध्ये, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायच्या पद्धतीत) असतो, हे कारण. ते प्रक्षेपण नागपूरच्या अक्षांशावर (सुमारे 21.15) अंतर 1.07 पट फुगवतं. 100 किमीचे 107 होतात. नागपूर परिसरासाठी थर यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे पाडणारं प्रक्षेपण) 44 उत्तर या पट्ट्यात रूपांतरित करून घ्या. नदी पट्ट्याबाहेर जात असेल, जशी गोदावरी जाते, तर प्रकल्पाच्या सेटिंगमध्ये लंबगोल (पृथ्वीच्या आकाराचं गणिती रूप) डब्ल्यूजीएस 84 निवडा आणि फील्ड कॅल्क्युलेटर या हिशोबाच्या खिडकीत डॉलर चिन्हाचं लेंग्थ ($length) वापरा. बिनडॉलरचं लेंग्थ सपाट कागदावरचं अंतर देतं.

नदी आखण्याआधी एक चाचणी घ्या. एकाच रेखांशावर 21 ते 22 अक्षांश अशी सरळ रेषा काढून तिची लांबी बघा. उत्तर 1 आलं तर मोजणी अंशांत चालली आहे. 120 किमीच्या आसपास आलं तर मर्केटर अजून गेलेला नाही. 110.7 आलं, की नदीला हात लावा.